डाव्या इंजिनाचं तेल

त्या सकाळी मंदाकिनीच्या इंजिनरूममध्ये दोन मुख्य इंजिनं होती, एक जनरेटर, पाच पंप आणि चौदा गेज, त्यांतले नऊ चालू. तेलाची पातळी मोजायच्या पट्ट्या दोन, एकेका इंजिनाला एक. नव्या तेलाचे ड्रम दोन, एक भरलेला, एक अर्धा. हत्यारांची लोखंडी पेटी एक, तिच्यावर रेडिओ. नोंदवही एक. पेन एक, तेही माझं. माणसं तीन: मी, इंजिन ड्रायव्हर जनार्दन मयेकर आणि तेलवाला घरत. वर जायला अकरा पायऱ्यांची एकच शिडी. हे सगळं माझ्या वहीत अजून आहे, वेळेसकट. सात वाजून दहा मिनिटं.

"किती इला?" मयेकरांनी विचारलं. ते पेटीच्या कडेवर बसून चहा पीत होते.

मी डाव्या इंजिनातून पट्टी काढली, पुसली, परत आत घातली आणि पुन्हा काढून उजेडात धरली.

"एकशे छप्पन मिलिमीटर."

"छप्पन काय नि पंचावन काय. खुणेपर्यंत आसा मां? मगे 'ठीक' लिव."

"खुणेच्या वर गेलंय, काका. खूण एकशे पन्नासला आहे."

"मगे तर बराच झाला!" ते घरतकडे वळले. "बग रे घरता. लोकांची इंजिना तेल खातत म्हणान लोक रडतत. आमचा खाणा नाय म्हणान ह्या बाय रडता!"

घरत हसला. मग माझ्याकडे बघून त्यानं पंपावर फडकं मारायला सुरुवात केली, जणू तो हसलाच नव्हता.

मंदाकिनी ही पाण्याची बार्ज. बंदराबाहेर नांगर टाकून थांबलेल्या मोठ्या जहाजांना गोडं पाणी पोचवायचं, एका खेपेला दोनशे ऐंशी टन, हे तिचं काम. मी भौतिकशास्त्रात बीएस्सी झाले आणि फलटणला घरी कुणालाच नीट पटवून न देता तिच्यावर प्रशिक्षणार्थी म्हणून चढले. त्याला आता चौदा वर्षं झाली. सकाळची पाळी इंजिनात, दुपारची वर ब्रिजवर, सुकाणूच्या खोलीत. माझ्यापूर्वी त्या इंजिनरूममध्ये एकच बाई उतरली होती, मयेकरांची बायको, तीही दसऱ्याच्या पूजेला, हार घालण्यापुरती.

प्रशिक्षणाचं एक निळं पुस्तक मिळालं होतं. त्यात बेचाळीस कामं छापलेली होती. एकवीस ब्रिजची, ती नीट जमली की बार्ज चालवणाऱ्या सारंगानं सही करायची. एकवीस इंजिनाची, त्यांवर ड्रायव्हरनं. बेचाळीस सह्या झाल्याशिवाय परीक्षेचा अर्ज घेत नसत. माझ्या चाळीस झाल्या होत्या. उरलेल्या दोन्ही मयेकरांच्या हातात होत्या, आणि अर्जाची शेवटची तारीख परवा होती. उरलेल्या दोनांतलं एक काम होतं: 'वंगणतेलाची पातळी तपासून नोंद करणे.'

नोंदवहीचा तिथला रिवाज मला पहिल्याच दिवशी कळला होता. रोज एक पान, पानावर सहा ओळी, दर चार तासांना एक. मयेकर सकाळी चहाबरोबर सहाही ओळी भरून टाकत. दाब चार, तापमान पंचाहत्तर, तेल ठीक. रात्री बाराचे आकडे सकाळी सातला तयार. पहिल्या दिवशी त्यांनी पेन माझ्या हातात देऊन "तू भर" म्हटलं, तेव्हा मी म्हटलं होतं, "जे वाचलं नाही ते मी लिहिणार नाही."

तेव्हा ते हसले होते. "बरा. तुझ्या पाळीच्यो दोन ओळी तुझ्यो. चार माझ्यो. भांडान नको."

म्हणून अडीच महिन्यांच्या त्या वहीत प्रत्येक पानावर चार ओळी एकसारख्या होत्या आणि दोन वेगळ्या. तेल बदललं त्या दिवसापासून मी माझ्या ओळींत 'ठीक'ऐवजी मिलिमीटर लिहू लागले होते. पट्टीवर नुसत्या दोन खुणा होत्या. मी स्टीलची फूटपट्टी लावून मधल्या रेघा कोरून घेतल्या. तेल बदललं तेव्हा दोन्ही इंजिनं एकशे पन्नासला होती. दोन्ही एकाच कंपनीची, एकाच वर्षातली, बरोबरच चालणारी. उजवं रोज दोन मिलिमीटर उतरत होतं. बारा दिवसांत चोवीस. डावं चार दिवस तिथंच राहिलं आणि मग चढायला लागलं.

आदल्या दिवशी मी एक चूक केली होती, ती इथंच सांगते. पातळी चढते म्हणजे तेलात काहीतरी मिसळतंय, आणि ते थंड करायचं पाणी असणार, असं मी सगळ्यांसमोर म्हणून बसले. पाण्याची परीक्षा सोपी असते. तापलेल्या पत्र्यावर तेलाचा थेंब टाकायचा. पाणी असेल तर तडतडतं. घरतनं चहाच्या स्टोव्हवर डब्याचं झाकण तापवलं. मी थेंब टाकला. तो पसरला, धुरकटला आणि गप्प जळून गेला. दुसरा टाकला. तोही.

"मोहरी घाल गो!" मयेकर म्हणाले. "मगे तरी तडतडात!"

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट वर डेकवर गेली. एक खलाशी दोर गुंडाळता गुंडाळता मला विचारून गेला, "मॅडम, आज फोडणी कशाची?"

मी जेवताना विचार करत होते. इंजिनात फिरणारे द्रव तीनच. तेल, पाणी, डिझेल. पाणी नाही. वासावरून कळायला मार्ग नव्हता, कारण त्या खोलीत भिंतींनासुद्धा डिझेलचाच वास होता.

तर त्या सकाळी, सात वाजून बारा मिनिटांनी, मी म्हटलं, "काका, डिझेल उतरतंय तेलात. उजवं चोवीस मिलिमीटर खाली गेलं. डावंही तेवढंच तेल जाळत असणार. तरी सहा वर आहे. म्हणजे तीस मिलिमीटर दुसरं काहीतरी आत आलंय. दाब पण बघा. काल चालताना साडेतीनवरून तीन पूर्णांक दोनवर आला होता."

"तो गेज म्हातारो झालो."

"उजव्याचा गेजही तेवढाच म्हातारा आहे. तो काल तीन पूर्णांक नऊ दाखवत होता."

"काल पाणी, आज डिझेल. उद्या काय? कोकम सरबत?" मयेकरांनी कप खाली ठेवला. "आयक. अकरा वर्षां मी ह्या इंजिनाबरोबर आसंय. एक दिवस माका दगा दिल्यान नाय. पाण्याची टाकी भरता हा, तासाभरान निघूचा आसा. 'ठीक' लिव, नि वर जा."

मी लिहायला घेतलं. माझ्या ओळीत जागा पुरेना म्हणून शेरा लिहायच्या कोऱ्या भागात उतरले.

'डावे इंजिन: तेल १५६ मि.मी., कालचा दाब ३.२. तेलात डिझेल मिसळल्याचा संशय. तपासणी होईपर्यंत इंजिन चालू करू नये.' खाली सही केली. आसावरी नलवडे, प्रशिक्षणार्थी. वेळ घातली.

मयेकर उठून आले. त्यांनी वाचलं. त्यांचे ओठ 'चालू करू नये'वर हलले.

"ह्या खोड."

"नोंदवहीत खोडत नाहीत, काका. तुम्हीच सांगितलंत. एक रेघ मारायची, आणि रेघ मारणाऱ्यानं सही करायची."

"मगे मार रेघ!"

"मी नाही मारणार. मला ते खरं वाटतंय. तुम्हाला खोटं वाटत असेल तर तुम्ही मारा, तुमच्या सहीनं."

मी पेन पुढं केलं. ते पेनाकडे बघत राहिले. घरतचं फडकं थांबलं होतं. रेघ मारली आणि पुढं काही झालं, तर रेघेखालची सही कुणाची हे पहिलं बघितलं जातं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

त्यांनी पेन घेतलं नाही. वही काखेत मारली आणि शिडीकडे वळून ओरडले, "सारंग! ओ सारंग! ह्या तुमच्या सायन्सवालीक आवरा!"

मी त्यांच्या मागं चढले.

ब्रिजवर परकार सारंग सुकाणू तपासत होते. अब्दुल रहमान परकार, बाणकोटचे. बार्जवर शेवटचा शब्द त्यांचा. निघण्याआधी सुकाणू पूर्ण उजवीकडून पूर्ण डावीकडे न्यायचं आणि किती वेळ लागतो ते मोजायचं, हा त्यांचा नेम होता. ते ओठांतल्या ओठांत आकडे मोजत आणि दर पाचाला बोटानं चाकावर टिचकी मारत. अठ्ठावीस सेकंदांच्या आत सुकाणू पोचलं पाहिजे. त्यांची मोजणी संपेपर्यंत ब्रिजवर कुणी बोलायचं नाही. मयेकरसुद्धा दारात गप्प उभे राहिले.

"सव्वीस," परकार म्हणाले. "बोला."

मयेकरांनी वही समोर आपटली. परकारांनी चष्मा लावून वाचलं, दोनदा.

"हे काय लिहिलंस पोरी?"

"जे मोजलं ते, चाचा."

"बाहेर जहाज उभं आहे. त्यांची गोड्या पाण्याची टाकी तळाला गेलीय. कप्तान सकाळपासून दोनदा रेडिओवर ओरडलाय, आणि ऑफिस माझ्यावर ओरडलंय. त्यांना काय सांगू? ट्रेनी नको म्हणते?"

"डावं इंजिन तपासायचंय म्हणा."

"काल तपासलं ना? तव्यावर?"

मयेकर फिसकन हसले.

"काल मी चुकले," मी म्हटलं. "पाणी म्हटलं, ते पाणी नव्हतं. पण पातळी चढतेय हे चुकीचं नव्हतं. ती आजही चढलीय."

"बरं, समज तुझं खरं आहे. काय होईल?"

"डिझेलनं तेल पातळ झालंय. बेअरिंगला धरून ठेवणार नाही. जोर पडला की घासणार आणि धरणार. इंजिन जागच्या जागी जाम."

"कधी?"

"ते मला सांगता येणार नाही. पण जोर सगळ्यात जास्त कधी पडतो ते तुम्ही सांगा."

परकारांनी चष्मा काढला. उत्तर त्यांनाच माहीत होतं. खालीवर होणाऱ्या लाटांत मोठ्या जहाजाच्या पोटाशी बार्ज लावताना, पुढं-मागं, पुढं-मागं, दोन्ही इंजिनांवर. त्या जहाजाचा लोखंडी कठडा आमच्या ब्रिजच्या वर असे. त्या क्षणी एक इंजिन गेलं तर बार्ज आडवी फिरणार आणि डेकवर दोर धरून पाच माणसं उभी असणार.

"सारंग, तुमी हिचा आयकतास काय?" मयेकर म्हणाले. "हिचा वय काय, माझा वय काय! मी सांगतंय इंजिन ठीक आसा."

"चाचा," मी म्हटलं, "सुकाणूला अठ्ठावीसऐवजी तीस सेकंद लागले तर तुम्ही निघता?"

"नाही."

"दोनच सेकंद तर."

"दोन असोत नाहीतर अर्धा. मी स्वतः मोजतो, पोरी. मोजलं की मग मनात येईल ते नाही करता येत."

"मग हेही मोजा."

"तेल मोजूक काय घड्याळ लागता?" मयेकरांनी विचारलं.

"हो. घड्याळच लागतं. पातळ तेल लवकर गळतं, जाड सावकाश. एकाच भोकातून तीन तेलं गाळायची. ड्रममधलं नवं, उजव्यातलं आणि डाव्यातलं. तिन्ही सारख्या तापमानाला आणून. डाव्यातलं बाकीच्यांइतकाच वेळ घेईल, चार-पाच सेकंद इकडं-तिकडं, तर मी माझ्या हातानं रेघ मारते, खाली 'माझी चूक' लिहिते आणि पिशवी घेऊन उतरते. परत तोंड नाही दाखवणार."

परकारांनी खिडकीतून खाली हाक मारली. "टाकी किती राहिली रे?"

"पन्नास मिनटं, सारंग!" डेकवरून उत्तर आलं.

"पन्नास मिनिटं," परकार म्हणाले. "टाकी भरली की मी दोन्ही इंजिनांवर निघणार, नाहीतर निघणारच नाही. मयेकर, तुमची हरकत?"

"माझी कसली हरकत? पोरांचो खेळ आसा. पण तेल मी काढतलंय. घड्याळ माझा. ही हात लावची नाय."

"मला मान्य आहे," मी म्हटलं.

वही घेऊन उतरताना शिडीच्या मधल्या पायऱ्यांवर मयेकर थांबले. घरत खाली पंपाच्या मागं होता, त्याला ऐकू गेलं नसावं. मयेकर माझ्याशी इतक्या हळू आवाजात कधीच बोलले नव्हते.

"पुस्तक खंय आसा तुझा?"

ते माझ्या डगल्याच्या खिशात होतं. मी दिलं. त्यांनी पान उघडून कठड्यावर धरलं. शेवटच्या दोन चौकटी कोऱ्या होत्या.

"परवा शेवटची तारीख, खरा मां? दोन सह्यो. आत्ता करतंय, ह्या पायरीर. तू वर जा, रेघ मार, सारंगाक सांग, काल चुकलंय तशी आज पण चुकलंय. कोण हसाचो नाय. मी हसूक देवचंय नाय. हुशार पोरगी आसस. परीक्षा दी, मोठ्या जहाजार जा. ह्या डब्यापायी कशाक वर्ष घालवतंस?"

माझा अर्ज पिशवीत भरून तयार होता, फोटो चिकटवून. मी फलटणला पत्र टाकून तारीखही कळवली होती.

"काका," मी म्हटलं, "तेल बदललं त्याच आठवड्यात तुम्ही डाव्याचं वरचं झाकण उघडलं होतं. आतल्या डिझेलच्या नळ्या काढून परत बसवल्यात. तेव्हा जोडातून डिझेल गळू नये म्हणून घालतात ते तांब्याचे वायसर नवे घातले होते का?"

त्यांचा चेहरा क्षणभर तसाच राहिला. मग आवाज परत पूर्वीचा झाला, खालपर्यंत जाणारा.

"नवे? तांब्याचा वायसर कोण नवा घालता? लाल होयसर तापवूचा, पाण्यात टाकूचा, मऊ पडता, परत घालूचा! चाळीस वर्षां सगळे तसाच करतत! ऑफिसाक तीनदा लिवलंय, नवे धाडा म्हणान. धाडल्यानी? एक तरी धाडल्यानी? नि तू माका विचारतंस!"

"किती वेळा तापवले होते?"

"तुका काय करूचा आसा?"

"तेच वायसर किती वेळा परत घातले, काका?"

त्यांनी माझ्या हातातलं पेन ओढून घेतलं. दोन्ही चौकटींत, एकीखाली एक, त्यांनी शाईनं लिहिलं: असमाधानकारक. असमाधानकारक. सही केली, तारीख घातली आणि पुस्तक माझ्या हातात दिलं.

"आता मोज," ते म्हणाले. "आता तुझा काय जाता?"

ती परीक्षा मी पुढं सात महिन्यांनी दिली, दुसऱ्या जहाजावरून, पहिल्यापासून बेचाळीस सह्या गोळा करून. पण त्या पायरीवर मला हे माहीत नव्हतं. तेव्हा एवढंच कळलं की आता माझ्याकडून काढून घेण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलेलं नाही. मी पुस्तक खिशात घातलं आणि उरलेल्या पायऱ्या उतरले.

"घरत, पाण्याची रिकामी बाटली आहे का? प्लॅस्टिकची."

"हाय ना ताई." मॅडमची ताई कधी झाली ते त्यालाही कळलं नसावं.

बाटलीचा तळ कापून काढला. बुचाला चार मिलिमीटरचं भोक पाडलं. भोकाच्या कडेला प्लॅस्टिकचा कीस राहिला होता, तो पातीनं साफ करायला लागणार, तोच मयेकरांनी बूच माझ्या हातातून घेतलं.

"दी हय. हात लावचो नाय म्हटलंय मां?"

त्यांनी बारीक कानसीनं कड गोल केली, उजेडात धरून बघितली, फुंकर मारली, परत कानस फिरवली. मी केलं असतं त्यापेक्षा ते पुष्कळच चांगलं झालं होतं. बाटलीवर दोन रेघा मारल्या, दोन्हींमध्ये बरोबर दोनशे मिलिलिटर. बाटली उलटी करून पाइपाला तारेनं बांधली, खाली डबा ठेवला.

तेल मयेकरांनीच काढलं. ड्रममधलं, उजव्यातलं, डाव्यातलं, तीन वेगळ्या डब्यांत. डब्यांवर खडूनं न, उ, डा लिहिलं. तिन्ही डबे एका बादलीत पाण्यात ठेवले. रात्रभर बंद असलेल्या इंजिनांतलं तेल आणि शिडीजवळच्या ड्रममधलं तेल यांच्यात चार अंशांचा फरक होता. तो जाईपर्यंत मी थांबणार होते.

"आणि किती?" मयेकरांनी विचारलं.

"छत्तीस अंशाला तिन्ही आले की."

"मुद्दाम वेळ काढतंस."

"तापमान वेगळं असेल तर तुम्हीच उद्या म्हणाल, तेल गरम होतं म्हणून पळालं."

थोड्या वेळानं मी बघितलं तर काडी घेऊन ते स्वतःच तिन्ही डबे ढवळत होते, आळीपाळीनं, सारखे.

सतरा मिनिटं गेली. वरून डेकवरच्या माणसाचा आवाज आला, "सारंग, वीस मिनटं!"

छत्तीस. छत्तीस. छत्तीस.

मयेकरांनी बुचाखाली बोट धरलं, नवं तेल बरोबर वरच्या रेघेपर्यंत ओतलं. मनगटावरचं घड्याळ काढून डाव्या हातात घेतलं. सेकंदकाटा बारावर येईपर्यंत थांबले आणि बोट काढलं. बोट काढल्यापासून मोजायचं, तेल खालच्या रेघेला आलं की थांबायचं. दोरीसारखी सरळ, जाड धार पडत होती.

"चौऱ्याऐंशी," ते म्हणाले.

"परत एकदा करा."

"कशाक?"

"तुमच्या घड्याळावर माझा विश्वास आहे. बोटावर नाही."

घरत खोकला. मयेकरांनी माझ्याकडे बघितलं आणि परत केलं. चौऱ्याऐंशी. त्यांच्या भिवया किंचित वर गेल्या.

बाटली त्यांनी स्वच्छ फडक्यानं आतून पुसली. फडकं मी मागितलं नव्हतं. मग उजव्याचं तेल. काळं, पण धार तशीच, सावकाश.

"एक्याऐंशी." ते स्वतःशीच म्हणाले, "बारा दिवस चाललाहा. बरोबर आसा."

"लिहू?" मी विचारलं.

"लिव. चौऱ्याऐंशी. एक्याऐंशी."

मी नोंदवहीत लिहिलं. शिडीवर पावलं वाजली. परकार सारंग खाली आले. ते इंजिनरूममध्ये सहसा उतरत नसत. शेवटच्या पायरीवर थांबून त्यांनी चष्मा लावला.

"झालं का?"

"एक रवला," मयेकर म्हणाले.

"टाकी भरली म्हणून वरून ओरडतायत," परकार म्हणाले.

"भरूंदे."

डाव्याचा डबा मयेकरांनी स्वतः उचलला. थर्मामीटर घातलं, मला दाखवलं. छत्तीस. बूच पुन्हा एकदा पुसलं, भोकातून उजेड बघितला. बोट धरलं, तेल ओतलं. काटा बारावर आला. त्यांनी बोट काढलं.

धार पडली. घरत डब्याकडे बघत होता, परकार धारेकडे. मयेकर फक्त घड्याळाकडे.

"एकतीस," ते म्हणाले.

मयेकरांनी बाटली सोडवली, बूच काढलं, धुतलं, फडक्यानं कोरडं केलं आणि भोकात चार मिलिमीटरचं गिरमीट घालून बघितलं. ते नेमकं बसलं. त्यांनी बाटली परत बांधली. तेच तेल परत ओतलं. परत बोट काढलं.

"बत्तीस."

मग त्यांनी घड्याळ परकारांच्या हातात दिलं आणि तिसऱ्यांदा तेल ओतलं. परकार ओठांतल्या ओठांत मोजू लागले. पाचाला टिचकी, दहाला टिचकी.

एकतीस.